अंबर ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं कॉफी

जिम्मा, इथिओपिया
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण पत्र उघडलं की आई आधी तेवढंच शोधते. पोट ठीक आहे, पाणी उकळून पिते, खोलीला आतून दोन कड्या आहेत. बातम्यांत दाखवतात ते इथून बरंच लांब आहे. फोन लागला नाही तर नेट गेलंय असं समजायचं, बाकी काही नाही. जेवणाखाण्याचं रविवारी फोनवर होतंच, म्हणून इथे लिहीत नाही. आमचे एक तेलुगू सर सुट्टीवर हैदराबादला चाललेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि एक डबा देते आहे. डब्यात काय आहे ते शेवटी सांगते.

बाबा, तुम्ही तो बकऱ्यांचा फॉरवर्ड पाठवून विचारलंत, की कॉफी नक्की कुणाची, अरबांची, हबशांची की आपल्या चिकमगळूरची? बकऱ्या आधी बाजूला काढू. लाल फळं खाऊन बकऱ्या नाचल्या ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली ती १६७१ साली, रोममध्ये, फाउस्टो नायरोनी नावाच्या मॅरोनाइट, म्हणजे लेबनॉनकडच्या ख्रिस्ती पंथातल्या, पंडिताच्या पुस्तकात. तोवर येमेनात कॉफी प्यायला लागून दोनशे वर्षं उलटली होती. गुराख्याचं ‘काल्दी’ हे नावसुद्धा मागाहून चिकटलंय. गोड गोष्ट आहे, पण पुरावा म्हणून शून्य.

पुरावा आहे तो झाडात. आपण पितो ती अरेबिका कॉफी रानात आपोआप उगवते ती मुख्यतः इथे, नैऋत्य इथिओपियाच्या डोंगरांत. बोंगा, म्हणजे जुन्या काफा राज्याचा मुलूख, जिम्म्याहून शंभरेक किलोमीटरवर आहे. उंच झाडांच्या सावलीत, दीड-दोन हजार मीटर उंचीवर, कॉफी तिथे झुडपासारखी माजलेली असते. ‘काफा’वरून ‘कॉफी’ असं इथे जो तो छातीठोकपणे सांगतो. मी वाद घालत नाही, पण अरबीत ‘कहवा’ हा शब्द आधी दारूसाठी होता, आणि युरोपात गेला तो तुर्कांचा ‘काहवे’. इथले लोक स्वतः मात्र कॉफीला ‘बुना’ म्हणतात, अरब तिच्या बीला ‘बुन्न’ म्हणतात, आणि आजी अजून ‘बुंदाची कॉफी’ म्हणते. आजीला सांगा, घरात सगळ्यात जुना शब्द तिच्याच तोंडी आहे.

आधी ती प्यायचे नाहीत, खायचे. अठराव्या शतकात जेम्स ब्रूस नावाचा स्कॉटिश प्रवासी इथे आला, त्यानं लिहिलंय की ओरोमो लोक भाजलेली कॉफी कुटून लोण्यात कालवून तिचे गोळे करतात आणि लांबच्या वाटेवर तेवढ्यावर निभावतात. आपल्या दशम्यांसारखंच की.

आता आई, तू विचारत होतीस ना, की ‘दुपारी दोन-दोन तास कॉफी पीत बसता म्हणजे नक्की करता काय?’ नीट सांगते, म्हणजे आम्ही टवाळक्या करतो असं वाटणार नाही.

जमिनीवर आधी हिरवं ताजं गवत पसरतात. घरची बाई ठेंगण्या स्टुलावर बसते, पुढे कोळशाची शेगडी. सहा माणसांना दीड मूठ, म्हणजे ७०-८० ग्रॅम कच्च्या हिरवट बिया पुरतात. त्या पाण्यात टाकून तळव्यांनी चोळायच्या, आपण तांदूळ धुतो तशा, पण जोर लावून. त्यानं उरलासुरला चंदेरी पापुद्रा निघून येतो. नाही निघाला तर तव्यात तोच आधी जळतो आणि धुराचा कडवटपणा सगळ्या घाण्याला लागतो. मग लोखंडी तव्यावर भाजणं. इथे घाई चालत नाही. बी आधी पिवळी पडते, तेव्हा ओल्या गवतासारखा वास येतो. मग तपकिरी होते आणि लाह्यांसारखी तडतडते. ती तडतड पुरती थांबली, बीवर तेलाची चकाकी येऊ लागली की तवा उतरवायचा. एकूण पंधराएक मिनिटं लागतात. आच मोठी ठेवली तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची, मग कॉफी आंबट लागते. हात थांबला तर एका बाजूला डाग पडतात. वजन भाजून पाचवा-सहावा हिस्सा घटतं, म्हणून भाजलेली कॉफी महाग वाटली तरी दुकानदार लुटतोच असं नाही.

तवा उतरवला की तो घेऊन ती प्रत्येक पाहुण्यासमोरून फिरते. धूर हातानं आपल्याकडे ओढून घ्यायचा, आरतीनंतर तबकावरून हात फिरवून घेतो ना, अगदी तसा. मला कुणी शिकवावं लागलं नाही. मग लाकडी उखळीत, तिला मुकेचा म्हणतात, बिया कुटायच्या. पूड जाडसर हवी. फार बारीक झाली तर मातीच्या सुरईच्या, जेबेनाच्या, चिंचोळ्या गळ्यात ती अडकून बसते आणि पेल्यात चिखल येतो.

जेबेनात पाणी तापलं की पूड आत. उकळी गळ्यातून वर यायला लागली की थोडी कॉफी पेल्यात ओतून काढायची आणि पुन्हा आत घालायची, म्हणजे उतू जात नाही. मग जेबेना उतरवून गवताच्या चुंबळीवर कलती ठेवायची, तीन-चार मिनिटं. हो आई, चुंबळच, डोक्यावर हंडा घेताना लागते तीच. गाळ तळाशी बसला की बिनकानाच्या छोट्या पेल्यांच्या रांगेवरून वीतभर उंचीवरून एकच धार धरायची आणि शेवटच्या पेल्यापर्यंत मोडायची नाही. मध्ये थांबून जेबेना सरळ केली की गाळ ढवळतो. आमच्या शेजारच्या काकूंची धार मोडलेली मी अजून पाहिली नाही.

पहिला पेला अबोल. मग त्याच गाळावर पुन्हा पाणी, पुन्हा उकळी, दुसरा पेला तोना. तिसऱ्यांदा तेच, तिसरा पेला बरका, म्हणजे बरकत. पहिला कडक, दुसरा मध्यम, तिसरा आपल्या पाव्हण्यांच्या शेवटच्या चहासारखा. पहिला पिऊन उठलात तर घरावर रुसून चाललात असा अर्थ होतो, आणि दुसरा पिऊन उठलात तर बरकत सोडून गेलात. म्हणून दोन तास. बरोबर लाह्या नाहीतर भाजलेले जव. साखर भरपूर, खेड्यात मीठ, कुठे कुठे लोणीसुद्धा. दूध नाही. मिठाची मी प्यायले आहे, दुसऱ्यांदा मागितली नाही. आणि झोप येते की नाही, तर येते; तीन पेले मोजतेस खरे, पण घाणा एकच असतो ना. गंमत म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इथले ख्रिस्ती लोक हे मुसलमानांचं पेय म्हणून शिवत नसत. मेनेलिक राजाच्या काळात ती बंदी सैल झाली.

तर इथून ती तांबडा समुद्र ओलांडून येमेनात गेली. पंधराव्या शतकाच्या मध्यावर अदनचे सूफी रात्रीच्या जपाला जागं राहायला ती पीत. त्यांतल्या अल-धब्हानींचं नाव घेतलं जातं, ते १४७० साली वारले. पुढचा वेग बघा. १५११ मध्ये मक्केच्या खैर बेग नावाच्या अधिकाऱ्यानं बंदी घालून कॉफी रस्त्यात जाळली, पण कैरोहून पाठिंबा मिळाला नाही आणि बंदी टिकली नाही. १५५५च्या सुमारास अलेप्पो आणि दमास्कसच्या दोन माणसांनी इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकानं थाटली. १६५२ मध्ये लंडनला पास्का रोझेचं दुकान. १६७५च्या डिसेंबरात दुसऱ्या चार्ल्सनं तिथली कॉफीघरं बंद करायचा हुकूम काढला आणि दहा-बारा दिवसांत गुपचूप मागे घेतला. लोक बसून बोलतात, याचीच भीती सगळ्यांना! मक्केपासून लंडनपर्यंत रोग तोच.

पुढे जगाला लागणारी कॉफी येत होती ती मुख्यतः येमेनच्या डोंगरांतून. पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतून बैत-अल-फकीहच्या बाजारात, तिथून उंटांवर मोखा बंदरात. त्या बंदरात दलालीला गुजराती वाणी होते, आणि आपल्या दाभोळची जहाजंही तांबड्या समुद्रात जात.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. आपल्या औरंगाबादच्या नहरीचा, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर या देशातला. १५४८च्या सुमाराचा त्याचा जन्म, मूळ नाव चापू. त्याला मोख्यात वीस डुकातांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, विकलं हे ज्या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं, तो पीटर व्हान डेन ब्रुक. त्यानं १६१७ मध्ये दख्खनमध्ये अंबरला स्वतः पाहिलं. आणि मोख्यात जाऊन कॉफी चाखणाऱ्या पहिल्यावहिल्या डचांत हाच माणूस होता. अंबर आणि कॉफी एकाच बंदरातून बाहेर पडले आणि एकाच माणसाच्या वहीत सापडले. पुढच्या वेळी खुलताबादला जाल तेव्हा कबरीपाशी माझाही नमस्कार सांगा. इथे वर्गात मी त्याचं नाव काढलं तेव्हा पोरं चकित झाली, इथल्या शाळेत तो शिकवत नाहीत.

मोख्याची मक्तेदारी इतकी टिकली कशी? सांगतात की अरब बिया उकळून विकत, म्हणजे उगवू नयेत. उकळायची तशी गरजही नव्हती. कॉफीचं बी म्हणजे कणगीत वर्षभर ठेवून पेरायचं ज्वारीचं बी नव्हे. लाल फळात दोन बिया सपाट बाजू एकमेकींकडे करून असतात. वर चिकट गर, मग कडक टरफल, मग चंदेरी पापुद्रा. प्यायची कॉफी कडकडीत वाळवून टरफल फोडलेली असते. अशी बी उंटावरून, गोदामातून, जहाजातून महिनोन्‌महिने फिरल्यावर उगवत नाही. पेरायची असेल तर पिकलेलं फळ हातानं सोलायचं, चिकटा धुवायचा, टरफल तसंच ठेवून सावलीत सुकवायचं आणि दोन-तीन महिन्यांच्या आत वाफ्यात घालायचं, सपाट बाजू खाली, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल. दीड-दोन महिन्यांनी एक काडी वर येते, डोक्यावर अख्खी बी टरफलासकट घेऊन, जणू बाजाराला निघालेली बाई गाठोडं घेऊन. आणखी काही आठवड्यांनी गाठोडं गळतं आणि दोन गोल पानं उघडतात. पहिलं पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

म्हणून आपल्याकडे कॉफी आणली असं सांगतात त्या सूफी संत बाबा बुदनांची गोष्ट खरी मानायची तर तपशील असा हवा: हजहून येताना सतराव्या शतकात त्यांनी सात बिया आणल्या असतील, तर त्या ताज्या आणि टरफलातल्याच असणार, आणि चिकमगळूरच्या डोंगरात पोचताच लावलेल्या असणार. सात पुरतात, एकही पुरते. अरेबिका ही कॉफीच्या दोन वेगळ्या जातींच्या संकरातून निपजलेली, ४४ गुणसूत्रांची, आणि स्वतःच्याच परागांनी फळणारी. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीला परागांसाठी दुसरं झाड लागतं, हिला लागत नाही. सगळा पुढचा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे, आणि पुस्तकांत मात्र राजे नि जहाजांचे कप्तान.

डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६९६ मध्ये मलबारातून रोपं बटाव्हियाला, आताच्या जकार्ताला, नेली. ती टिकली नाहीत. १६९९ मध्ये पुन्हा नेली, ती जगली. म्हणजे जावा कॉफीचं माहेर मलबार. १७०६ मध्ये जावाहून एक झाड ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात गेलं. त्याच्या वंशातलं एक १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला नजराणा. १७२०च्या आसपास द क्लियू नावाचा अधिकारी त्यातलं एक रोप काचेच्या पेटीत घालून मार्टिनिकला घेऊन गेला, वाटेत आपल्या वाट्याचं पाणी त्याला घातलं असं तो स्वतःच सांगतो, तेव्हा थोडं कमी करून घ्या. १७२७ मध्ये पाल्हेता नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं फ्रेंच गयानातून ब्राझीलला नेलं. तिथल्या गव्हर्नरच्या बायकोनं पुष्पगुच्छात लपवून ते त्याला दिलं ही प्रेमकथा वाचायला छान आहे, इतकंच. फ्रेंचांनी १७१५ मध्ये मोख्याहून थेट रेयुनियन बेटावर वेगळी रोपं नेली होती, बेटाचं तेव्हाचं नाव बूर्बाँ, म्हणून ती बूर्बाँ कॉफी. मलबार-जावाची ती टिपिका. अमेरिकेतल्या जुन्या अरेबिकाचं सगळं घराणं या दोन ओंजळींतलं.

आजी कॉफीत जायफळ किसते ना? जायफळ बांदा बेटांवरचं, त्यावरही ताबा याच डच कंपनीचा. एका पेल्यात कंपनीची दोन्ही खाती.

इतक्या थोड्या रोपांतून जग भरलं की काय होतं, ते सिलोननं पाहिलं. १८६९ मध्ये तिथे पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली: तांबेरा. गव्हावर येतो तसाच बुरशीचा रोग, पण कॉफीचा वेगळा. सगळी झाडं जवळजवळ सारखी, त्यामुळे एकाला झाला तो सगळ्यांना झाला. वीसेक वर्षांत सिलोन चहाकडे वळलं. इथेही १९७१ मध्ये फळांचा करपा आला, हिरवी फळं काळी पडून सुकायची. पण इथे रान होतं. जिम्म्याच्या संशोधन केंद्रानं रानातली झाडं तपासून न बळी पडणारी निवडली. त्यांची नावं ७४११०, ७४११२ अशी आहेत, पहिले दोन आकडे १९७४ सालचे. फोनवर मी ‘चौऱ्याहत्तर एकशे दहा’ म्हणाले तेव्हा आईला तो बसचा नंबर वाटला होता, तीच ही.

आता बाबा, अंगणात लावायला बिया पाठव म्हणालात. पाठवणार नाही. परवानगीशिवाय इथून लागवडीचं बी नेता येत नाही, आपल्या विमानतळावरही अडेल, आणि अडलं नाही तरी आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांत रोप करपेल. तिला वीस-बावीस अंश आणि सावली लागते. फारच हौस असेल तर चिखलदऱ्याला जाऊन या, आपल्या राज्यात कॉफी बघायची तर तिथेच. डब्यात आहे ती भाजलेली, अर्धा किलो. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल धरते. लागेल तेवढीच कुटा आणि महिन्याभरात संपवा. आजीला जायफळ घालू दे, इथल्यांना कळवणार नाही.

पैशांचं: घराच्या कर्जाचा हप्ता या महिन्यापासून माझ्या खात्यातून वळता होईल, बाबांनी बँकेत जायची गरज नाही. सोनूच्या हॉलचे १,५०,००० पुढच्या आठवड्यात जमा होतील. माझा पगार डॉलरमध्ये ठरलाय, तेव्हा इथलं चलन, बिर, पडलं म्हणून काळजी नको. आणि हो, मी पोटाला चिमटा घेऊन पाठवत नाही. कोटसुद्धा घेतला नवीन.

सोनूला म्हणावं शालू तिच्याच पसंतीचा घे. थोरली राहिली आणि धाकटीचं आधी, असं मावशी बोलली म्हणे. बोलू दे. पण आई, तू तेव्हा गप्प बसलीस असं सोनू म्हणाली, ते जरा लागलं. नाशिकच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, ‘आत्ता नको’ म्हटलंय. मुलगा बरा आहे, बोललोय आम्ही दोनदा. त्यानं विचारलं की परत कधी, आणि मला नक्की तारीख सांगता आली नाही, एवढंच झालं.

लग्नाला येतेच आहे. परीक्षा त्याच आठवड्यात आहेत, म्हणून चार दिवस. हळदीच्या सकाळी पोचेन. केळवण राहील, ग्रहमख राहील, पण करवली म्हणून कलश मीच धरणार, दुसऱ्या कुणाला दिलात तर बघा. आजीच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते या वेळी खरं कळवा.

सर्वांना नमस्कार, सोनूला पापा.

तुमची
थोरली

ता. क. करार दोन वर्षं वाढवला. मागच्याच महिन्यात सही केली, फोनवर सांगायचं राहून गेलं. डब्यात खाली एक मातीची जेबेना आहे, कापडात गुंडाळलेली. वापरण्याआधी दोन-तीन वेळा नुसतं पाणी उकळून टाकून द्या, नाहीतर पहिल्या कॉफीला मातीचा वास येतो.